वऱ्हाडच्या उन्हाळ्यात घरातल्या कुंड्या
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



भाषण करायचा मला सराव नाही. सातवी झाली आणि शाळा सुटली, त्यानंतर पाटी-पुस्तकाशी संबंध आला तो मुलांच्या अभ्यासापुरताच. परंतु अध्यक्षाबाई म्हणाल्या, "तुम्ही रोज जे करता तेच चार बायांना सांगायचे, त्याला शिक्षण कशाला हवे?" म्हणून उभी राहिले आहे.

गेल्या संक्रांतीला आपल्या मंडळाने प्लास्टिकच्या डब्या न देता रोपांचे वाण लुटले, हे आपल्याला आठवत असेलच. पन्नासांवर रोपे घरोघर गेली. सर्वांनी कौतुक केले, फोटोही निघाले. पुढे आषाढात मी सहज ज्याच्या त्याच्या घरी चौकशी केली, तेव्हा बारा-तेरा जिवंत होती. म्हणजे आपण वाण लुटले आणि नंतर ते उन्हाने लुटले, असेच म्हणायचे! यंदाही रोपेच द्यायची असा ठराव झाला आहे. चांगली गोष्ट आहे. पण दिलेले रोप का जाते याचा विचार आधी झालेला बरा, म्हणून हा विषय मी घेतला.

पहिली गोष्ट अशी की, झाडांविषयी जे काही छापून येते किंवा मोबाइलवर दाखवतात, ते बहुतेक पुण्या-मुंबईच्या किंवा बंगलोरच्या हवेला धरून असते. "भरपूर उजेडात ठेवा, रोज पाणी द्या" हे तिकडे ठीक आहे. आपले अकोला म्हणजे काय आहे ते आपल्याला सांगायला नको. २०१९ च्या एप्रिलअखेर इथे पारा ४६ च्या वर गेला होता, आणि तेव्हा नवतपा यायला अजून महिना होता. पण नुसत्या उन्हाचे नाही, आपली हवा कोरडी आहे हे खरे दुखणे. सकाळी घातलेल्या कुरडया दुसऱ्या दिवशी खडखडीत होतात, धुतलेले लुगडे अर्ध्या तासात वाळते, ते कशाने? हवा पाणी ओढून घेते म्हणून. दोरीवरच्या लुगड्यातून जसे पाणी जाते तसेच झाडाच्या पानातूनही जाते. फरक एवढाच की, झाड खालून मुळाने पीत असते. मुळाने जितके येते त्याहून पानातून अधिक जाऊ लागले की पान मान टाकते.

आता यातली खुबी पाहा. दुपारी तीनला पान लोंबलेले दिसले की आपला जीव कळवळतो आणि आपण लगेच तांब्याभर पाणी ओततो. पुष्कळदा माती ओलीच असते. झाडाला पाणी नाही असे नसते, त्या वेळी वरचा खर्च भागत नाही एवढेच. संध्याकाळी ते आपोआप उभे राहते. पण आपण दुपारी ओतले, संध्याकाळी ओतले, कोणी येता-जाता आणखी ओतले, की माती सदाची चिखल होते, मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. मुळे कुजली की ती पाणी ओढत नाहीत, आणि पाने पुन्हा लोंबतात. मग आपण आणखी पाणी ओततो! उन्हाळ्यात घरातली झाडे तहानेने जितकी मरतात तितकीच अशी बुडूनही मरतात. म्हणून आधी बोट घालून पाहावे. दोन पेरे बोट मातीत जाऊ द्यावे. आत गारवा लागला तर तांब्या खाली ठेवावा. पाणी द्यायचे ते सकाळी ऊन चढण्याच्या आत, आणि द्यायचे तर कुंडीच्या बुडातून थेंब येईपर्यंत. वरवरचे शिंतोडे उपयोगाचे नाहीत.

आता पाण्याचेच बोलू, कारण आपल्याकडे सगळे गाडे तिथेच अडते. मागे एका बैठकीत मी कुंड्यांचा विषय काढला तेव्हा एक काकू स्पष्टच म्हणाल्या, "नळ पाचव्या दिवशी येतो, प्यायला पुरत नाही, आणि तुम्हाला हिरवळ सुचते!" मला त्यांचा राग आला नाही. त्यांचे म्हणणे खरेच आहे. ज्या घरात लेक शाळेतून येऊन हंडे वाहते, त्या घरात नळाचे गोडे पाणी शोभेच्या झाडाला घालणे मला पटत नाही. म्हणून मी काय केले ते सांगते. एक आठवडाभर मी मोरीत बादली ठेवली आणि तांदूळ धुतलेले, डाळ धुतलेली, भाजी-फळे धुतलेली सर्व पाणी त्यात टाकले. रोज संध्याकाळी दुधाच्या मापाने मोजले. आम्ही घरात पाच माणसे आहोत. रोजचे पाच-साडेपाच लिटर भरले. तेवढ्यात उन्हाळ्याच्या दिवसांत माझ्या बारा कुंड्या निभतात. म्हणून माझ्याकडे बाराच कुंड्या आहेत. तेरावी कोणी प्रेमाने आणून दिली तर मी ती दुसऱ्या कोणाला देते, किंवा हिवाळ्यापुरती ठेवते. लोक आधी झाडे आणतात आणि मग पाणी शोधतात, हे उलटे आहे. आधी आपल्या घरचे धुणावळीचे पाणी मोजावे, मग रोपवाटिकेची पायरी चढावी.

पण कोणतेही वाया जाणारे पाणी झाडाला चालते असे नाही, हे मात्र नीट लक्षात घ्या. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अकोला, अमरावती, बुलढाणा या जिल्ह्यांचा जो खारपाणपट्टा आहे, त्याची आपल्याला ओळख आहेच. त्या बाजूच्या बोअरचे पाणी खारट, आणि इकडचेही पुष्कळ ठिकाणी जडच. असे पाणी कुंडीला घातले की पाणी उडून जाते आणि मीठ मातीत राहते. आमटी आटली की खारट होते, तसेच हे. पानांची टोके आणि कडा तपकिरी होऊन करपतात. आपल्याला वाटते ऊन लागले. कुंडीच्या बाहेर आणि मातीवर पांढरी पापडी दिसली की समजावे, ते मीठ आहे.

याच हिशेबाने कूलरच्या टाकीत उरलेले पाणी झाडाला घालू नये. चार दिवस तेच पाणी फिरून फिरून आटलेले असते, म्हणून ते मूळ पाण्यापेक्षा खारट झालेले असते. आरओच्या मशीनमधून जे वाया जाते तेही नको. मशीन पाण्यातला खार काढते आणि तो सगळा त्या वाया जाणाऱ्या पाण्यातच जातो. आरओच्या पाण्याने फरशी पुसावी, संडासात टाकावे. या उलट ज्यांच्याकडे एसी आहे त्यांच्या नळीतून जे थेंब थेंब पाणी गळते, ते हवेतल्या वाफेचे असते, त्यात मीठ नसते. ते झाडाला उत्तम. आमच्याकडे एसी नाही, पण शेजारच्या वहिनींच्या नळीखाली मी बादली ठेवते आणि त्याबद्दल त्यांना अधूनमधून पानओव्याची भजी पोचवते. साबणाचे पाणी नको, मीठ घातलेले शिजवणीचे पाणी नको, आणि दुधाची पिशवी विसळलेले पाणी खोलीतल्या कुंडीत नको, वास येतो आणि चिलटे होतात.

या मिठावरून एक हकीकत सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. आमच्या ओळखीच्या एका घरी कोकणातली सून आली. हौशी मुलगी. माहेराहून अबोली घेऊन आली, कुंडीत नेचे घेऊन आली. पहिल्याच उन्हाळ्यात नेचे गेले. त्याचे कोणाला काही वाटले नाही. पण वैशाखात वृंदावनातली तुळस वाळली आणि घरात कुजबूज सुरू झाली. तिच्या हाताला यश नाही म्हणाले. नंतर तर सासूबाई म्हणाल्या, अडचणीच्या दिवसांत हिचा हात लागला असणार. मुलगी काही बोलली नाही, पण तिने तुळशीकडे जायचेच सोडले. सकाळी अंगण झाडताना तेवढी जागा टाकून झाडायची.

मी गेले तेव्हा वृंदावन पाहिले. मातीवर पांढरी पापडी, आणि बुडाला भोक नाही. नळाचे पाणी पिण्यासाठी जपायचे म्हणून घरातले सर्वजण आंघोळ झाली की बोअरच्या पाण्याचा तांब्या तुळशीला घालत. पाच माणसांचे पाच तांबे! मी चाकूने ती पापडी खरवडली आणि सासूबाईंनाच म्हटले, "मावशी, जरा जिभेला लावून पाहा." त्यांनी लावली आणि लगेच थुंकली. मंजिऱ्याही कोणी खुडलेल्या नव्हत्या. रोप सगळे बियांनी भरून गेले होते, आणि तुळस एकदा बियांत गेली की पाने टाकायला लागते. मी त्यांना म्हटले, "माझ्या घरी आम्ही तीन बायका, महिन्याच्या तीसही दिवस कोणी ना कोणी तुळशीला पाणी घालते, आणि कोणाची पाळी आहे हे तुळस विचारत नाही." त्यांना हे आवडले असेल असे नाही. पण मृगाच्या पावसात त्यांनी भोक पाडलेल्या नव्या कुंडीत नवे बी पेरले, आणि पेरायला सुनेला बोलावले. एकच तांब्या, तोही डाळ-तांदूळ धुतलेल्या पाण्याचा, देवाचे नाव घेऊन सर्वांनी मिळून घालायचा असे ठरले. मंजिऱ्या रविवार-एकादशी पाळून बाकीच्या दिवशी खुडतात. तुळस आता चांगली कंबरेइतकी आहे आणि अबोलीही आडोशाला धरून आहे. ज्या ज्या घरी तुळस वाळल्यावर बाईकडे बोट दाखवतात, त्या घरी आधी माती पाहा अशी माझी विनंती आहे.

आता जागा. घरातली सर्वांत चांगली जागा म्हणजे पूर्वेची खिडकी. सकाळचे कोवळे ऊन दोन तास मिळते आणि मग सावली. पश्चिमेची खिडकी होळीनंतर झाडाला वैरीण. तिथली भिंतसुद्धा रात्री दहापर्यंत तापलेली असते, म्हणून कुंडी भिंतीला टेकवू नये, वीतभर अंतर ठेवावे. बाहेर ओले गोणपाट किंवा हिरवी जाळी बांधली तर फार फरक पडतो. काळ्या प्लास्टिकच्या कुंडीत उन्हाने माती इतकी तापते की मुळे अक्षरशः उकडतात. मातीची कुंडी माठासारखी पाझरते आणि गार राहते, पण त्यामुळे तिला पाणी अधिक लागते. मी यावर अशी तोड काढली आहे की, प्लास्टिकच्या लहान कुंडीला मातीच्या मोठ्या कुंडीत बसवायचे आणि मधल्या जागेत रेती भरायची. ती रेती ओली ठेवली की आतले मूळ थंड राहते. कुंड्या एकेक लांब लांब ठेवण्यापेक्षा घोळक्याने ठेवाव्या, म्हणजे एकीच्या ओलाव्याचा दुसरीला आधार होतो. मातीवर कुटार, शेंगांची टरफले किंवा नारळाच्या शेंड्या पसराव्या. एवढ्याने पाणी दिवसभर अधिक टिकते.

कूलरच्या खोलीत हवा दमट असते, ती झाडांना मानवते. फक्त वाऱ्याच्या झोतासमोर कुंडी नको, पाने फाटतात. एसीच्या खोलीची हवा मात्र कोरडी असते.

मातीविषयी थोडक्यात सांगते. आपली काळी माती शेतात सोने, पण नुसती कुंडीत भरली तर ओली असताना लोणी आणि वाळली की दगड. तिला भेगा पडतात आणि घातलेले पाणी कडेकडेने सरळ खाली निघून जाते, मधला गोळा कोरडाच. एक भाग माती, एक भाग जाडी रेती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत आणि मूठभर निंबाची ढेप असे मिसळावे. बुडाच्या भोकावर फुटक्या कवेलूचा तुकडा ठेवावा. गोळा कडक झालाच असेल तर कुंडी टपात पाण्यात बसवावी, बुडबुडे थांबले की काढावी. कुंडी बदलणे, छाटणे, खत घालणे ही सर्व कामे होळीच्या आत उरकावी, नाहीतर मृगापर्यंत थांबावे. भर उन्हाळ्यात खत म्हणजे तापात माणसाला पक्वान्न.

झाडे कोणती आणावी? स्नेक प्लांट म्हणून जी उभ्या पानांची सर्पपर्णी मिळते ती, कोरफड, आणि झेडझेड नावाचे चकचकीत पानांचे झाड ही तीन माझ्या पसंतीची. ही मूळची आफ्रिका-अरबस्तानाकडची, कोरडेपणा त्यांच्या रक्तात आहे. सर्पपर्णी आणि कोरफड तर दिवसा पानाची तोंडे मिटून घेतात आणि रात्री उघडतात, म्हणून पाणी कमी उडते. यांना आठ-दहा दिवसांनी पाणी पुरे. मनीप्लांट आतल्या उजेडात चालतो. पानओवा तर खोकल्याला, भज्यांना आणि नजरेला, तिन्हीला उपयोगी. कडक उन्हाची गच्ची असेल तर अडेनियम आणि बोगनवेल लावा, त्या उन्हातच हसतात. नेचे, अँथुरियम, कॅलाथिया दुकानात फार गोजिरवाणी दिसतात, पण आपल्या वैशाखात त्यांचे हाल बघवत नाहीत. फारच हौस असेल तर न्हाणीघराच्या खिडकीत ठेवून पाहावे. मनीप्लांट आणि झेडझेड यांचे पान लहान मुलाने चावले तर तोंडाची आग होते, म्हणून रांगते मूल असेल त्या घरी ती उंचावर हवीत. आणि एक, झाडाने खोलीची हवा शुद्ध होते म्हणून कोणी दुप्पट किंमत सांगितली तर देऊ नका. पाच-सात कुंड्यांनी हवा बदलत नाही, त्यापेक्षा पहाटे खिडकी उघडावी. रोप नीट पारखून घ्यायचे असेल तर शहाणपणाचा सल्ला आपल्याच गावी मिळतो. १९६९ साली स्थापन झालेले पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ इथेच आहे, तिकडे फक्त शेतकऱ्यांनीच जावे असे थोडेच आहे?

कोरड्या उन्हात पानाच्या मागे लाल कोळी होतात. डोळ्यांना धड दिसत नाहीत, पण पान फिके, टिपक्या-टिपक्यांचे होते आणि बारीक जाळे दिसते. आठवड्यातून एकदा पानांची मागची बाजू ओल्या फडक्याने पुसली तर ते वाढत नाहीत. पांढरा कापसासारखा पिठ्या दिसला तर निंबाच्या तेलाचे पाणी संध्याकाळी मारावे, उन्हात कधी नाही.

याहून महत्त्वाचे म्हणजे कुंडीखालची ताटली. डेंगीचा डास गटारात होत नाही, तो आपल्या घरातल्या स्वच्छ साचलेल्या पाण्यात होतो. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून दर आठवड्याला एक वार ठरवून ताटल्या, मनीप्लांटच्या बाटल्या, कूलरची टाकी रिकामी करावी आणि नुसती ओतू नये, घासावी, कारण अंडी कडेला चिकटून राहतात. आमच्याकडे शनिवार आहे. पोरांच्या जिवापेक्षा कोणतेही झाड मोठे नाही. ज्यांच्याने हे होत नाही त्यांनी ताटलीत रेती भरून टाकावी.

शेवटी माहेरपणाचे सांगते. वाणाच्या रोपांपैकी निम्मी मे महिन्याच्या सुटीत गेली, हे मला चौकशीत कळले. आपण पंधरा दिवस माहेरी, घराला कुलूप, आणि घरचे पुरुष कुंडीकडे पाहतील याचा भरवसा नाही. तेव्हा असे करावे. सर्व कुंड्या आतल्या खोलीत, जिथे थोडा उजेड आहे पण ऊन नाही अशा जागी, जवळ जवळ मांडाव्या. मधोमध एका स्टुलावर पाण्याची झाकलेली बादली ठेवावी. जुन्या धोतराच्या किंवा सुती साडीच्या काठाच्या जाड वाती वळाव्या, आधी ओल्या कराव्या, एक टोक बादलीच्या तळाशी दगड बांधून सोडावे आणि दुसरे कुंडीच्या मातीत चार बोटे खोल पुरावे. समईची वात जशी तेल ओढते तशी ही पाणी ओढते. बादलीवर फडके बांधायला विसरू नये, नाहीतर डासांची सोय होईल. सर्पपर्णी आणि कोरफड यांना वात लावूच नये. वात जाड की बारीक हे ज्याच्या त्याच्या कुंडीवर आहे, म्हणून निघायच्या चार दिवस आधीच लावून रोज बादलीत किती बोटे पाणी उतरले ते पाहावे. फार उतरत असेल तर वातीतले दोन पदर काढावे.

आणि मृगाचा पहिला जोराचा पाऊस झाला की, हातातले काम टाकून सर्व कुंड्या अंगणात मांडाव्या. पहिली सर तापलेल्या गच्चीचा धुरळा घेऊन येते, ती जाऊ द्यावी. पुढच्या दोन-तीन पावसांत कुंड्या बाहेरच असू द्याव्या आणि खालच्या ताटल्या काढून घ्याव्या, म्हणजे वर्षभर साचलेले मीठ त्या पाण्याबरोबर बुडाच्या भोकातून वाहून जाईल.